बारशाला ठेवलेलं कापड

श्रावण लागला की मी सगळ्यात आधी कपाट उघडून वास घेते. बुरशी डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळते. आज सकाळी कडी काढली आणि ती आल्याचं समजलं. कापसाच्या गुंडाळीवर पांढरी लव, पट्ट्यांच्या घड्यांवर काळे ठिपके, चामड्याच्या पिशवीच्या बंदावर हिरवट साय. बोट लावलं तर बोटाला चिकटून आली. इतकी वर्षं बाळंतपणं करते आहे, रक्ताचं मला काही वाटत नाही. पण ओल्या कापडाचा कुबट वास आला की अजून घशाशी येतं. मग मी पदर खोचते. जे उकळता येईल ते उकळायचं, जे येणार नाही ते जाळायचं, आणि ज्याच्याकडे बघून ‘असू दे, चालेल’ असं वाटेल ते तर आधी जाळायचं.

सध्या जाळणं अवघड झालं आहे. लढाईमुळे कापड कंट्रोलचं, कूपन असलं तरी दुकानात माल असेलच असं नाही. चिंधीलासुद्धा मान आला आहे. परवा खंडाळ्याकडची एक बाई दिवस भरत आलेल्या सुनेला घेऊन दवाखान्यात आली. बाळंतपणाला कापड काय ठेवलंय, असं मी विचारलं. तिने मोठ्या हौसेने काखेतलं बोचकं सोडलं. विटकं लुगडं, पोत्याचा तुकडा, कशाकशाने कडक झालेली फडकी, आणि या सगळ्यातून एक झुरळ शांतपणे चालत बाहेर आलं. घरात चांगलं कापड नाही का, म्हटलं. आहे की, ती म्हणाली, पण ते कूपनावरचं; घाणीत कशाला घालायचं? ते बारशाला ठेवलंय.

तोच वास आणि तेच वाक्य. मी दवाखान्यात उभी होते, पण माझ्या डोक्यावर इरलं होतं, हातात गरम पाण्याचा तांब्या होता, आणि तुंगार्लीच्या एका घराच्या मागच्या दगडावर पाऊस उडत होता.

त्या श्रावणात मी शिकत होते. इन्फ्लुएंझात नवरा गेला तेव्हापासून मी लोणावळ्याला मामाकडे राहत असे. मामा रेल्वेत होते. मराठी सातवी झालेली, हात रिकामे, म्हणून दवाखान्यात सुइणींचा वर्ग निघाला तेव्हा मामांनी माझं नाव घातलं. मामी दोन दिवस जेवल्या नाहीत. ‘तसल्या’ गोष्टी शिकायला विधवा मुलगी पाठवायची, म्हणजे काय?

दवाखान्याच्या मागच्या खोलीत वर्ग भरे. भिंतींना ओल, पंख्याचा पत्ता नाही, आणि कोपऱ्यात शेगडीवर टोपली उपडी घालून तिच्यावर पट्ट्या वाळत टाकलेल्या. डॉक्टरसाहेब मुंबईकडचे. हुशार माणूस, शिकवायची कळकळ होती. पण नाकाला अत्तराचा रुमाल लावल्याशिवाय ते आमच्या खोलीत पाऊल टाकत नसत. शब्द सगळे इंग्रजी. प्लासेंटा, अंबिलिकल कॉर्ड, सेप्सिस. मी सवयीप्रमाणे पानावर उभी रेघ मारली. एका बाजूला डॉक्टरांचा शब्द, दुसऱ्या बाजूला आमचा. वार, नाळ. सेप्सिसच्या पुढे काय लिहावं हे कळेना, तेव्हा ‘बाळंतरोगाचं विष’ असं लिहिलं. मला त्या शब्दांची गोडी लागली. एखाद्या गोष्टीकडे बघवत नसलं आणि तिचं नाव माहीत असलं की बघवतं, हा शोध मला तेव्हा लागला. वार म्हटलं की अंगावर काटा येई; प्लासेंटा म्हटलं की तिचे काठ तपासता येत, तुकडा आत राहिला का ते बघता येई. मामींच्या घरात ज्याचा उच्चार होत नव्हता ते सगळं मी पानावर ओळीने मांडत होते, आणि मला बरं वाटत होतं.

आमच्यात सगुणा होती. तुंगार्ली आणि आसपासच्या वाड्यांतली निम्मी पोरं तिच्या हातावर आलेली. तिची वस्ती गावाबाहेर. तंबाखूची चिमूट गालात धरून ती भिंतीशी बसे आणि डॉक्टरांचं बोलणं कीर्तन ऐकावं तसं ऐके. एकदा डॉक्टरांनी प्लासेंटा हा शब्द सगळ्यांकडून घोकून घेतला. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “सायेब, वारंला इंग्रजी नाव दिलं म्हून ती काय बूट घालून बाहीर येती व्हय?”

आम्ही पदरात तोंड घालून हसलो. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिला कार्बोलिक साबणाची वडी दिली, ती मात्र वरून, तिच्या ओंजळीत टाकून. बोटाला बोट लागू नये इतक्या उंचीवरून. आणि लगेच आम्हाला हात कसे धुवायचे ते सांगायला लागले. कोपरापर्यंत, नखांच्या आत, भरपूर पाणी घेऊन. सगुणा वडीचा वास घेत राहिली. पुढे कळलं, ती वडी तिने लेकीच्या लग्नाला ठेवून दिली होती. दुसरी मी माझ्याकडची दिली, आणि तिच्यासमोर ओली करून दिली, म्हणजे ठेवून देता येऊ नये.

टिटॅनसचा धडा झाला त्या दिवशी धुकं खोलीत आलं होतं. डॉक्टर सांगत होते, मूल पहिले काही दिवस नीट असतं. मग दूध ओढेनासं होतं. जबडा मिटतो. ओठ ताणले जातात, हसल्यासारखे. मग हाताला लागलं, दार वाजलं, उजेड आला तरी अंग धनुष्यासारखं वाकतं. आमच्याकडे याला आठवी म्हणत. आठव्या दिवसाच्या आसपास सटवाई येते आणि नेते. माझ्या पाठची बहीण शेवंता तुंगार्लीला दिलेली. तिची दोन मुलं अशीच गेली होती, आता तिसरं पोटात होतं. दुसऱ्याला मी मांडीवर घेतलं होतं. ते हसतंय असं वाटून मीही त्याच्याकडे बघून हसले होते.

डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. याचं बीज मातीत असतं, जनावरांच्या शेणात असतं, कापलेल्या नाळेतून आत जातं. ते फळ्याकडे वळले. रडू येईल असं मला वाटलं होतं, पण रडू आलं नाही. उठून मागच्या दारी गेले आणि ओकले. कारण शेवंताच्या घरी नाळेवर काय लावतात ते मला ठाऊक होतं. कोयत्याने कापायची, वर राख, आणि राखेवर गाईचं ताजं शेण. ते लावताना शेवंताची सासू, बायजामावशी, तोंडाने देवाचं नाव घेत असे.

लोणावळ्याहून तुंगार्लीला चढून जायला फार वेळ लागत नाही. पण श्रावणात ती वाट अंगावर येते. मुंबईवाल्यांचे बंगले बंद, व्हरांड्यांना झापं बांधलेली, आत कुठेतरी माळ्याचा खोकला. पायांखाली पैसे नावाचे ते वळवळणारे किडे, दगडादगडाला गोगलगाई, चिखलात माश्यांचं मोहोळ. खाचरांत भात लावून झालेलं, हिरवंगार. लोक त्या हिरव्याचं कौतुक करतात. मला त्या दिवसांत ते हिरवं बघवत नसे. बुरशीचाच तो मोठा भाऊ वाटे.

शेवंताचं घर म्हणजे अर्धा गोठा. मधे कुडाची भिंत, अलीकडे माणसं, पलीकडे बैल. गोठ्याला लागून जो कोपरा होता, जिथे वारा नाही, उजेड नाही, मुताची ओल जमिनीतून वर येते, तोच बाळंतिणीचा. बायजामावशीने मला भाकरी आणि टाकळ्याची भाजी वाढली, आग्रह करून वाढली. दुष्ट बाई नव्हती ती. शेवंताचे पाय सुजले म्हणून रोज तिला आधी जेवायला बसवत असे. दोन नातवंडं पुरल्यावर तिने तांबडं लुगडं नेसणं सोडलं होतं. तिसऱ्याच्या वेळी काही कमी पडू नये म्हणून तिने वर्षभर तयारी केली होती आणि ती तयारी तिने मला दाखवली. माळ्यावरून बोचकं काढलं. फाटकी लुगडी, जुनी घोंगडी, बैलाच्या झुलीचा तुकडा. मधल्या घडीत उंदराने घर केलेलं, पेराएवढी पिल्लं लालसर वळवळत होती. तिने ती सुपात घेऊन बाहेर टाकली, फडकं झटकलं आणि परत ठेवलं.

मी हे का, असं विचारलं. ती चकित झाली. त्या कोपऱ्यात जे जाईल ते विटाळलेलं. मागून फेकूनच द्यायचं. मग फेकायच्या लायकीचंच नको का घ्यायला?

हिशेब चोख होता. या हिशेबाची मला जितकी किळस आली तितकी उंदरांचीही आली नव्हती. आमच्याकडे घाण कशाला म्हणायचं याची यादी फार पक्की होती. त्यात बाळंतीण होती. तिला सोडवणारी सुईण होती. माझ्यासारखी कपाळ पुसलेली बाई होती. शेण त्या यादीत नव्हतं. कोयता नव्हता. उंदराने घर केलेलं फडकं नव्हतं, कारण ते घरचं होतं.

मी बाळंतपणाला येते म्हटलं. मावशीने भाकरीचा तुकडा मोडता मोडता, माझ्याकडे न बघता सांगितलं की लेकी, तू शिकलीस, चांगलं झालं, पण त्या घडीला तुझी सावली नको. शेवंता चुलीपाशी बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते मी अजून कुठल्याच रकान्यात लिहू शकलेले नाही.

मग मी माझ्या पद्धतीने गेले. माझं एक कोरं पातळ होतं, ते फाडलं. उकळलं, निखाऱ्यांवर वाळवलं, घड्या घातल्या, वरून आणखी एका फडक्याने बांधलं. आत नवं पातं, दोरा, साबण. ते गाठोडं मावशीच्या हातात दिलं आणि काय कशाला ते सांगितलं. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. मला वाटलं, जिंकले.

शेवंताचा नवरा रोज लोणावळ्याच्या बाजारात दूध घालायला येई. एका सकाळी त्याने दवाखान्याच्या दारात कासंडी टेकवून मला सांगितलं की रात्रीपासून पोटात दुखतंय, सगुणेला बोलावलंय. मी इरलं घेतलं आणि निघाले. मला आत येऊ नको म्हटलं होतं. मागच्या अंगणात उभी राहू नको असं कुणी म्हटलं नव्हतं.

पाऊस असा लागला होता की समोरची गाय दिसेना. मागच्या दाराशी दगडावर सगुणा उकिडवी बसली होती, हात पुढे करून. शिकली होती ती. आत जायच्या आधी हात धुवायचे हे तिच्या ध्यानात होतं. पण घागरीला हात लावायची तिला मुभा नव्हती. पाणी कुणीतरी घालायला हवं होतं. घालणार बायजामावशी. सोमवार होता, मावशी सोवळ्यात. तिने उंबऱ्याच्या आतून, हात लांब करून, तांब्या तिरपा केला. बारीक धार आली, वाऱ्याने हलली, अर्धी दगडावर गेली. सगुणाच्या बोटांवर फेस तसाच राहिला. फेसाखाली तंबाखूचा डाग, नखांत काळं. तिने हात लुगड्याला पुसायला घेतले.

दोन महिने आम्ही घोकत होतो, कोपरापर्यंत, नखांच्या आत, भरपूर पाणी. पाणी कोण घालणार हा धडाच नव्हता. साबण वरून टाकणाऱ्या डॉक्टरांना तो सुचणार तरी कसा?

मी मावशीच्या हातातला तांब्या घेतला. तिने हात मागे ओढला, म्हणाली, “तू नगं. आज तुजा हात नगं लागाया.”

मी आत नाही, पावसात आहे, असं म्हटलं आणि सगुणाचा हात धरला. दळून कांडून घट्टे पडलेला, कुणाच्याही आईचा असावा तसा हात. नखं कातरली, हात घासले, चुलीवरच्या हंड्यातलं पाणी शेवंताच्या नवऱ्याला आणून द्यायला लावलं आणि तांब्यामागून तांब्या ओतले. सगुणा हातावरून वाहणारं पाणी बघत होती. मग म्हणाली, “बये, माज्या लग्नात बी मला कुनी एवढं पानी घातलं न्हवतं.”

ती आत गेली. मी कुडाला कान लावून उभी राहिले. शेवंताचं कण्हणं, बैलाचं फुरफुरणं, दोन्ही एका अंतरावर. मग कुडाच्या फटीतून सगुणाचा आवाज आला, कापड कुठं आहे? माझं गाठोडं तिथेच असेल, मी म्हटलं. ती म्हणाली, “हितं तर बोचकंच हाय. आन् सुपात शेन.”

मी मावशीकडे वळले. ती ओशाळली नाही. उलट चेहरा उजळला. तिने मला उंबऱ्यातूनच देवळी दाखवली. भिंतीतल्या त्या कोनाड्यात, देवांच्या टाकांशेजारी, माझं गाठोडं होतं. वर हळदकुंकू वाहिलं होतं. एवढं चांगलं कापड, ती म्हणाली, ते घाणीत कोण घालतं? आजवर या घरात एकाचं बारसं झालं नाही. हे बारशाला ठेवलंय.

आत शेवंता ओरडली. वेळ उरला नव्हता. डॉक्टरांचे सगळे शब्द माझ्या डोक्यात रांगेने उभे होते आणि एकाचाही उपयोग नव्हता. मी आमच्या भाषेत बोलले.

“मावशी, ती दोघं सटवाईनं न्हाई नेली. ह्या बोचक्यानं नेली. तुमी नाळेला लावता त्या शेनानं नेली. आत्ता ते कापड दिलं न्हाई, तर हे बी जाईल.”

मावशीने माझ्याकडे बघितलं. कितीतरी वेळ बघितलं असं मला वाटतं. प्रत्यक्षात आत एक कळ येऊन गेली असेल, तेवढाच. “म्या सोत्ता लावलंया,” ती म्हणाली. “गाईचं. ताजं. ह्या हातानं.”

मग ती वळली, देवळीतून गाठोडं काढलं, आणि सोवळ्यासकट, सोमवारच्या उपासासकट त्या कोपऱ्यात शिरली. हळदकुंकवाने भरलेलं वरचं फडकं काढून टाक, आतलं घे, असं मी बाहेरून ओरडून सांगत होते. शेणाचं सूप दारातून बाहेर आलं आणि अंगणात उलटं पडलं. पावसाने ते माझ्या पायांवरून वाहून नेलं. बोटांमधे ते कोमट लागलं. ती ऊब मी विसरलेले नाही.

मुलगी झाली. दुपार उतरत होती. पात्याने नाळ कापली, उकळलेल्या दोऱ्याने बांधली, वर माझ्या पातळाची घडी. बाकी काही नाही.

आठवीच्या दिवसांत मावशी त्या कोपऱ्याच्या तोंडाशी बसून असे. मूल दूध ओढतं का, एवढंच बघत. मी रोज चढून जात असे आणि मला कुणी अडवत नसे. एकदा ती माझ्याशी बोलायला लागली : मग त्या दोघांना मीच... आणि थांबली. तुम्हाला ठाऊक नव्हतं, मी म्हटलं. खरं होतं ते. त्या खऱ्याचा तिला काही उपयोग झाला नाही. मी जे बोलले ते पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बोलेन. मूल जगलं, यापलीकडे मला काही मांडायचं नाही. पण ज्ञानाने डोळे उघडतात असं आमच्या वर्गाच्या समारंभात कुणी पाहुणे म्हणाले, तेव्हा टाळ्या वाजवायला माझे हात उठले नाहीत. उघडलेल्या डोळ्यांनी माणसाला काय काय बघावं लागतं ते मी बघत होते. मावशीने हाताने सारवणं सोडलं. ज्या घराची जमीन ती रोज तळव्याने गुळगुळीत करत असे, ती आता केरसुणीने लांबून सारवायची, तोंड फिरवून. गोठ्यात गेली की नाकाला पदर. भाकरी थापता थापता मधेच उठायची आणि मोरीत जाऊन हात चोळत बसायची.

बारसं झालं. माझं पातळ वापरून संपलं होतं. मावशीने आपलं तांबडं लुगडं पेटीतून काढलं, मी ते उकळून आणलं, रंग थोडा गेला, आणि त्यात मुलीला गुंडाळलं. मी सवयीने मागच्या अंगणात उभी होते. आतून बायांचा गलका येत होता, नाव ठेवून झालं होतं, आणि शेवंता मुलीला आजीच्या मांडीवर द्यायला निघाली होती. मावशी मागे सरली. घेईना. उठून, सगळ्या बायांमधून वाट काढत, मागच्या दाराशी आली, जिथे सगुणा बसली होती त्याच दगडावर उकिडवी बसली, आणि हात पुढे केले.

“पानी घाल,” ती मला म्हणाली.

मी घातलं. तिने हात धुतले. झालं मावशी, म्हटलं. तिने मान हलवली आणि हात तसेच धरून ठेवले. मी आणखी घातलं. नखं स्वच्छ होती, तळवे पांढरे पडले होते, सुरकुतले होते. आत मूल रडायला लागलं, बाया हाका मारायला लागल्या. ती उलटेपालटे करून हात बघत होती, वास घेत होती, आणि पुन्हा पुढे करत होती. घागर रिकामी झाली तेव्हा मी माझ्या पदराने तिचे हात कोरडे केले आणि तिला धरून आत नेलं. त्या घरात मी पुढच्या दाराच्या खोलीपर्यंत पहिल्यांदा गेले ती अशी.

खंडाळ्याच्या बाईचं बोचकं मी परवा जाळलं. फार धूर झाला, ओलं होतं. ती हळहळत बघत होती. सुनेची ही पहिली खेप नाही हे मला तिच्या पोटावरून दिसत होतं, आणि दोघींबरोबर एकही मूल आलेलं नव्हतं. आधीची कशी गेली ते मी विचारलं नाही. कूपनावरचं कापड उद्या घेऊन या, मी उकळून देते, एवढंच सांगितलं. मग तांब्या भरून घेतला आणि म्हटलं, हात पुढे करा.